छत्रपती संभाजीनगरमधील जुन्या स्पोर्ट्स मोटारसायकलींची योग्यता तपासणी

जुन्या स्पोर्ट्स मोटारसायकलींची योग्यता तपासणी म्हणजे नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपत आलेल्या अथवा संपलेल्या वेगवान दुचाकी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहेत की नाहीत, याची परिवहन विभागाकडून होणारी पडताळणी होय. भारतात खासगी मोटारसायकलीला पहिली १५ वर्षे यांत्रिक तपासणी सक्तीची नाही. या काळात ठरावीक मुदतीने सक्तीची असलेली एकमेव चाचणी प्रदूषणाची असते आणि तिच्यात ब्रेक, टायर किंवा सुकाणू पाहिले जात नाही. त्यामुळे अनेक दोष प्रथमच पुनर्नोंदणीच्या वेळी उघड होतात.

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे दुचाकी उद्योगाचे महत्त्वाचे केंद्र आहे. शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने बजाजने १९८६ मध्ये 'केबी १००' ही टू-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आणली. नोव्हेंबर २००१ मध्ये १५० आणि १८० सीसी क्षमतेच्या 'पल्सर' मोटारसायकली आल्या. पाठोपाठ २००३ मध्ये हिरो होंडाची 'करिझ्मा' आली. मध्यमवर्गीय तरुणांना परवडणारी स्पोर्ट्स मोटारसायकल ही कल्पना याच काळात रुजली.

पल्सरच्या पहिल्या वाहनांच्या नोंदणीची १५ वर्षे २०१६ च्या अखेरीस पूर्ण होऊ लागली. तेव्हापासून 'एमएच २०' क्रमांकाच्या अशा दुचाकीही टप्प्याटप्प्याने पुनर्नोंदणीस पात्र ठरत आहेत. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत जाणारे अनेक कामगार दुचाकीनेच प्रवास करतात. त्यामुळे जुन्या वाहनाची स्थिती हा केवळ हौशी संग्राहकांचा विषय राहत नाही.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तिचे एका वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ प्रमाणे त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत हा अर्ज करता येतो.

१ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, तर विलंबासाठी दरमहा ३०० रुपये अतिरिक्त आकार लागू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी हे शुल्क २,००० रुपये करण्यात आले. याशिवाय महाराष्ट्रात २०१० पासून १५ वर्षांवरील दुचाकींना ५ वर्षांसाठी २,००० रुपये पर्यावरण कर लागू करण्यात आला आहे.

तपासणीची पद्धत

मोटार वाहन निरीक्षक प्रथम वाहनाची ओळख पटवतो. सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहिले जातात. त्यासाठी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेण्याची पद्धत रूढ आहे. गंजामुळे पुसट झालेला क्रमांक किंवा परवानगीविना बदललेले इंजिन हा येथेच मोठा अडथळा ठरतो. त्यानंतर दिवे, हॉर्न, आरसे, ब्रेक, टायर, सुकाणू आणि सायलेन्सर यांची पाहणी होते. वैध विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र अर्थात पीयूसी आवश्यक असते.

पीयूसी चाचणीत पेट्रोल दुचाकीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, तर हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. त्यानंतरच्या भारत स्टेज ४ पूर्व दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के असून हायड्रोकार्बनची मर्यादा टू-स्ट्रोक इंजिनास ६,००० आणि फोर-स्ट्रोक इंजिनास ४,५०० पीपीएम आहे. भारत स्टेज ४ पूर्वीच्या वाहनांना हे प्रमाणपत्र दर ६ महिन्यांनी घ्यावे लागते.

सामान्यतः आढळणारे दोष

ब्रेक : ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटतो आणि सतत वापरात ब्रेक ढिला पडतो. ऑइल वर्षानुवर्षे न बदलल्यास डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधील पिस्टन गंजून अडकतो. मागील ड्रम ब्रेकमध्ये झिजलेले लायनर हा नेहमीचा दोष आहे.

टायर : दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. मात्र कमी वापरलेल्या जुन्या वाहनात नक्षी शाबूत असूनही रबर कडक होऊन बाजूंना बारीक भेगा पडतात. ४० अंश सेल्सिअसपलीकडे जाणाऱ्या मराठवाड्यातील उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनांत ही प्रक्रिया वेगाने होते. टायरवरील चार अंकी संकेतातून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष समजते.

सुकाणू आणि निलंबन : खड्ड्यांच्या सततच्या धक्क्यांनी 'कोनसेट' म्हणजे सुकाणूचे बेअरिंग झिजते. हँडल मध्यभागी अडकल्यासारखे वाटणे हे त्याचे लक्षण आहे. पुढील शॉकअबसॉर्बरचे सील फाटल्यास नळ्यांवर तेल ओघळते. ते डिस्कवर पोहोचल्यास ब्रेकही निकामी होतो.

चेन आणि स्प्रॉकेट : ताणलेली चेन आणि आकड्यासारखे वाकलेले स्प्रॉकेटचे दात एकत्रच आढळतात. धावत्या वाहनाची चेन निसटल्यास मागील चाक जागीच अडकू शकते.

इंजिन आणि इंधनप्रणाली : धुळीने चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे इंधनाचे प्रमाण वाढून कार्बन मोनॉक्साइडची पातळी चढते. २००३ पासून पल्सरमध्ये आलेल्या डीटीएस-आय इंजिनाला दोन स्पार्क प्लग असतात. त्यांपैकी एक बंद पडला तरी इंजिन चालू राहते. त्यामुळे बिघाड मालकाच्या लक्षात येत नाही, पण धुरातील हायड्रोकार्बन वाढू शकते.

दिवे आणि फेरफार : पिवळसर पडलेली हेडलाइटची काच, बंद ब्रेकलाइट आणि बाहेरून जोडलेले वायरिंग हे दोष सर्रास दिसतात. मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवणे हा या वर्गातील दुचाकींचा खास दोष आहे. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास कलम १८२-अ नुसार ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तपासणीचा निकाल

वाहन योग्य आढळल्यास नोंदणी ५ वर्षांनी वाढते. यांत्रिक दोष आढळल्यास कलम ४५ नुसार नूतनीकरण नाकारता येते. मात्र कारणांसह लेखी आदेशाची प्रत अर्जदारास द्यावी लागते. या आदेशाविरुद्ध कलम ५७ अन्वये ३० दिवसांत अपील करता येते. वर सांगितलेले बहुतेक दोष सुटे भाग बदलून दूर होतात. गंजलेला किंवा वाकलेला सांगाडा आणि न जुळणारा चासी क्रमांक यांवर मात्र सोपा उपाय नसतो.

मर्यादा आणि तुलना

ब्रिटनमध्ये मोटारसायकलीची पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि नंतर दरवर्षी होते. जर्मनीत ती दर दोन वर्षांनी होते. जपानमध्ये २५० सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी केली जाते. भारतात हे अंतर प्रथम १५ आणि नंतर ५ वर्षांचे आहे, तर लायनर, चेन आणि टायर त्याहून पुष्कळ आधी झिजतात. असुरक्षित वाहन चालवल्यास कलम १९० नुसार दंडाची तरतूद असली, तरी ती दोष रस्त्यावर आढळल्यानंतरच लागू होते. त्यामुळे दोन तपासण्यांमधील काळात वाहनाच्या सुरक्षिततेची जबाबदारी प्रत्यक्षात मालकावर आणि त्याच्या मेकॅनिकवर राहते. वैध नोंदणी आणि पीयूसी यांवरून ब्रेक सुस्थितीत असल्याची खात्री होत नाही, ही बाब जुनी मोटारसायकल विकत घेताना विशेष महत्त्वाची ठरते.