ताडोबाचे गेट कोणासाठी उघडते?

ऑक्टोबर महिना आला की चंद्रपुरात दोन प्रकारची माणसे येतात. पहिली दीक्षाभूमीवर येणारी. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी ज्या चांद्यात धम्मदीक्षा दिली त्या भूमीला वंदन करायला ही माणसे एस.टी.ने, रेल्वेने, मिळेल त्या वाहनाने येतात, घरून आणलेली भाकर खातात आणि परत जातात. दुसरी माणसे पावसाळा संपून १ ऑक्टोबरला ताडोबाचा कोअर उघडला की येतात. त्यांच्या गाड्या शहरात थांबत नाहीत. त्या सरळ मोहर्लीच्या नाहीतर कोलाऱ्याच्या रस्त्याला लागतात. या दुसऱ्या पाहुण्यांशी आमचे वैर नाही. वाघ कोणालाही पाहावासा वाटतो. प्रश्न एवढाच आहे की ज्या गेटमधून हे पाहुणे आत जातात त्या गेटच्या बाहेर कोणाला उभे केले आहे?

काही दिवसांपूर्वी कोर्टाच्या व्हरांड्यात एक गोंड म्हातारे बाबा मला भेटले. त्यांचे गाव कोअरमधून उठवलेले. काम दुसरेच होते, वारसाच्या नोंदीचे. ते झाल्यावर जाता जाता त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, आमच्या देवाकडे जाचं असन तं कोन्त्या कलमात अर्ज करा लागते?" मी म्हटले, "बाबा, पाहून सांगतो." आम्हा वकिलांना कलम शोधायला सांगितले की बरे वाटते. त्या रात्री पुस्तक उघडले आणि बरे वाटणे संपले.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना कोण जाऊ शकतो हे ठरलेले आहे : कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने जाणारा, आणि अशांवर अवलंबून असणारे. बाकीच्यांनी कलम २८ खाली परवाना घ्यायचा. परवाना कशासाठी मिळतो? वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्याशी कायदेशीर व्यवहार. हीच कलमे राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने या यादीत चित्रपटाचे चित्रीकरणही घातले. म्हणजे पर्यटकाला कलम आहे, कॅमेरेवाल्याला कलम आहे, सिनेमावाल्यालाही आता कलम आहे. पूजेला, जत्रेला, आजोबा-पणजोबांच्या देवाला भेटायला कलम नाही. ज्यांनी १९७२ साली हा कायदा लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर जंगल होते, वाघ होता, साहेब होता. जंगलातला माणूस नव्हता.

आणि हे कोणत्या जंगलाबद्दल चालले आहे? ताडोबा हे नावच मुळी गोंडांच्या देवाचे आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तोच तारूदेव झाला, अशी गोंडांची श्रद्धा. त्याचे ठाणे तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली आहे आणि पौष महिन्यात तिथे जत्रा भरत असे. आम्ही बुद्धाच्या वाटेने जाणारी माणसे, देव मानीत नाही. परंतु ज्याचे ठाणे आहे त्याने तिथे जायचे की नाही हे तिकीट-खिडकीने ठरवावे, हेही आम्ही मानीत नाही. घटनेचे कलम २५ जितके आमचे तितकेच गोंडाचे. देवाचे नाव पाटीवर लावून पर्यटकाला बोलवायचे आणि त्या देवाच्या माणसाला मात्र परवाना विचारायचा, याला कोणता न्याय म्हणायचे?

ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले १९५५ साली, महाराष्ट्रातले पहिले. अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि त्याभोवती २०१० मध्ये आखलेला सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर. कोअरमधील बोटेझरी आणि कोळशाचा काही भाग २००७ मध्ये उठून मूलजवळ गेला. पुढे नवेगाव-रामदेगी उठले, जामणी उठले. कुटुंबामागे दहा लाख रुपये असा पुनर्वसनाचा दर होता, २०२१ मध्ये तो पंधरा लाख झाला. कागदावर सगळे 'स्वेच्छेने'. दरम्यान वनहक्क कायदा २००६ मध्ये मंजूर झाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. त्याचे कलम ४ सांगते की आधी हक्क मान्य करा, ग्रामसभेची मुक्त आणि माहितीपूर्ण लेखी संमती घ्या, मगच पुनर्वसनाचे बोला. असे असताना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्च २०१७ मध्ये पत्र काढून व्याघ्र क्षेत्रात हक्क देणेच थांबवले. ते पत्र २०१८ मध्ये मागे घ्यावे लागले. जून २०२४ मध्ये पुन्हा पत्र निघाले : देशातील ५४ व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमध्ये ५९१ गावे, ६४,८०१ कुटुंबे आहेत, ती हलवण्याला प्राधान्य द्या.

आता पर्यटनाचे पाहा. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधील पर्यटन अंतरिम आदेशाने बंद केले. देशभर हॉटेलवाल्यांनी आक्रोश केला. तीन महिने झाले नाहीत तोच, १६ ऑक्टोबरला, बंदी उठली, कारण प्राधिकरणाने नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली होती. त्यांत कोअरचा २० टक्क्यांपर्यंत भाग पर्यटनाला खुला ठेवता येतो. पर्यटकाची अडचण तीन महिन्यांत सुटली. गावकऱ्याची अडचण २००८ पासून फाइलमध्ये आहे. वाघाला माणसाची पावले खपत नाहीत असा शास्त्रीय दाखला गावे उठवताना दिला जातो. मग रोज सकाळ-संध्याकाळ जिप्सींच्या रांगा त्याला कशा खपतात, हे शास्त्र कोणी सांगावे.

काही मित्र म्हणतील, पर्यटनाने आपल्याच पोरांना रोजगार दिला. ते खरे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मोहर्ली, कोलारा, नवेगाव गेटवर गाइड म्हणून, जिप्सीचे ड्रायव्हर म्हणून आपल्या आणि आदिवासी समाजाची मुले-मुली उभी आहेत आणि दहावी-बारावी शिकलेल्या पोराला गावात राहून चार पैसे मिळतात. पण रिसॉर्ट कोणाचे आहे ते बघा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहज घेता येत नाही. बौद्धाच्या, माळ्याच्या, कुणब्याच्या दोन एकरांना असे कुठलेच कवच नाही. लग्नाला, दवाखान्याला पैसा लागला की शेत जाते आणि पुढच्या वर्षी त्याच शेताच्या कुंपणाआड बाप माळीकाम करतो. ज्या धंद्यात आपण फक्त हात आहोत, त्या धंद्याचा नफा आपला कसा?

आणि वाघाची किंमत कोण भरतो? १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढामाल गावच्या तीन बाया तेंदूपाने तोडायला गेल्या आणि एकाच हल्ल्यात तिघीही मेल्या. मृत्यूची भरपाई २५ लाखांवर गेली आहे, ते चांगलेच झाले. पण तेंदूच्या हंगामात पहाटे जंगलात जाणारी बाई हौसेने जात नाही. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये होती, तीही काम निघाले तर. वाघ जगला पाहिजे, यात दुमत नाही. तो जगवण्याचा खर्च सर्वात गरीब माणसाच्या खात्यावर का टाकता, एवढेच विचारायचे आहे.

आपल्या वाचकांपैकी कित्येकांना वाटत असेल की हा आदिवासींचा प्रश्न आहे. तसे नाही. बफरमधील गावोगाव आपली वस्ती आहे. चिमूर तालुक्यातील रामदेगीला, संघारामगिरीवर, दरवर्षी ३० आणि ३१ जानेवारीला हजारो उपासक जातात, ते याच जंगलातून. तारूच्या वाटेवर परवाना लागतो तसा उद्या आपल्या वाटेवर लागणार नाही, असे कोणी लिहून दिले आहे काय? शिवाय वनहक्क कायद्याने आपल्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' या खान्यात घातले आहे. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवून भागते. आपल्याला त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे १९३० चा. १९३० साली महाराच्या नावाने सातबारा कोण लिहीत होता? पुरावा ज्यांनी मिळू दिला नाही त्यांच्याच दप्तरात तो शोधायची ही शिक्षा आहे. जिवतीच्या डोंगरावर, तेलंगणाच्या सीमेवरच्या वादग्रस्त चौदा गावांत, मराठवाड्यातून आलेली दलित-बंजारा कुटुंबे याच अटीवर अडकली. दोन राज्यांत मतदान करणारी ही माणसे, पण कसलेल्या जमिनीचा पट्टा द्यायला दोन्हीकडे हात आखडता.

सीमेचा विषय निघाला म्हणून गडचिरोलीचेही बोलू. तिथे आजवर पर्यटक जात नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. आता रस्ते, पूल होत आहेत आणि भामरागडचा त्रिवेणी संगम, कमलापूरचे हत्ती, सिरोंच्याचे जीवाश्म दाखवायला गाड्या निघतील. सूरजागडवर लोहखनिजाच्या गाड्या २०२१ पासून जोरात आहेतच. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे. एका जिल्ह्यात जंगल इतके नाजूक की भक्त चालत नाही, शेजारच्या जिल्ह्यात देवाचाच डोंगर फोडायला चालतो.

ताडोबाची झीनत वाघीण नोव्हेंबर २०२४ मध्ये ओडिशाच्या सिमिलीपालला नेली. ती तिथून झारखंडात गेली, मग बंगालमध्ये. २९ डिसेंबरला ती बांकुड्यात पकडली जाईपर्यंत तीन राज्यांचे वनखाते तिच्यामागे धावत होते. तिला दाखला कोणी मागितला नाही. इंद्रावतीच्या अलीकडे-पलीकडे एकच माडिया समाज, एकमेकांत सोयरीक. पण बस्तरची मुलगी भामरागडला नांदायला आली की तिची जमात सीमेवरच राहते, कारण १९९० पासून न्यायालयाची भूमिका अशी की जमातीचा दाखला त्या त्या राज्यापुरता. छत्तीसगडचे रानटी हत्ती २०२१ पासून येऊन धान तुडवतात, त्यांना सीमा नाही. सीमा फक्त सुनेला.

उपाय बाहेरून आणायचा नाही, तो याच दोन जिल्ह्यांत आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. पुढे बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी ते खात्याशी भांडले आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्याला गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने २०१२ मध्ये हजार हेक्टरचा हक्क घेतला आणि तेंदू तोडताना फांद्या छाटतात, आगी लागतात म्हणून तेंदूच बंद केला. हातातला पैसा सोडून जंगल राखणारी ही माणसे. कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला आपला नैसर्गिक आणि सांस्कृतिक वारसा नासवणाऱ्या गोष्टी रोखण्याचा अधिकार देते. त्यात पर्यटनही आले. गाड्या किती सोडायच्या, पौषात कोणते दिवस पर्यटकांना बंद ठेवून भक्तांना द्यायचे, प्रवेश शुल्कातले किती गावाकडे यायचे, हे ठराव ग्रामसभेने करायचे. १८ एप्रिल २०१३ च्या नियमगिरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने देवस्थानाचा हक्कही वनहक्कात येतो आणि त्याचा विचार ग्रामसभा करील, असे स्वच्छ म्हटले आहे. म्हाताऱ्या बाबांचा अर्ज मी कलम २८ खाली लिहिला नाही. वनहक्क कायद्याखाली लिहिला आणि त्यांच्या पुनर्वसित गावाच्या ठरावाची जागा कोरी ठेवली आहे. ग्रामसभा झाली की तो दाखल होईल, पौषाच्या आधी.

बफरमधील आपल्या गावांनी सामूहिक दाव्याची तयारी आत्ताच करावी. जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधून गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढा. त्यांत सरपण, चराई, मोहफुलाच्या नोंदी असतात, आणि गावचा कोतवाल म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांचे नावही सापडते. कायद्याला एकाहून अधिक पुरावे लागतात. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जुनी विहीर, स्मशान, बोडी, ठाणे चालते. ७५ वर्षे त्याच तुकड्यावर कब्जा दाखवा असे कोणी अधिकारी म्हणाला तर मानू नका. वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबन दाखवायचे आहे, त्या तुकड्यावरचा कब्जा नव्हे. जानेवारीच्या ३० तारखेला मी रामदेगीला आहे. येताना नकला सोबत आणा, तिथेच बसून दावे भरू.