आगोंदचा काळोख

दक्षिण गोव्यात, पाळोळेच्या उत्तरेस, आगोंद हे मच्छीमारांचे गाव आहे. माडांची रांग, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि सांत आनाचे चर्च. विश्रांतीस आलेल्या पाहुण्याला आणखी काय हवे? मात्र येथील किनारा रात्री काळोखात राहणे अगत्याचे आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येथे वाळूत खड्डा करून १०० च्या आसपास अंडी घालतात. सुमारे ५० दिवसांनी बाहेर पडलेली पिल्ले उजळ दिशेकडे धावतात. निसर्गतः ती दिशा समुद्राची; परंतु उपाहारगृहाचा दिवा अधिक प्रखर असला की ती जमिनीकडे वळतात आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडतात. वनखात्याचे कुंपण घरट्याला राखते, पिल्लांच्या वाटेला नव्हे. पाहुण्याने विजेरी खोलीतच ठेवावी. थोडे थांबल्यास डोळे चांदण्यांच्या उजेडालाही सरावतात.