वीस वर्षं उधारी फेडली, तरी सिबिल कोरं का?

मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर जाळी, डिझेल, बर्फ यांसाठी अनेक मच्छीमार व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि मासळी देऊन ती फेडतात. हा हिशोब व्यापाऱ्याच्या वहीतच राहतो, सिबिलपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे एक पैसाही न बुडवलेला माणूस बँकेत मात्र नवखा ठरतो.

सिबिल स्कोअर ३०० ते ९०० असतो. नोंदच नसेल तर अहवालात उणे १ किंवा 'एनएच' दिसतं. ही वाईट पत नव्हे, कोरी पाटी आहे. निव्वळ एवढ्यावरून पहिलं कर्ज नाकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा जानेवारी २०२५ चा निर्देश आहे. उत्पन्नाची चौकशी मात्र बँक करणारच.

मग सुरुवात कुठून करायची? २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही देण्याची घोषणा झाली. २ लाखांपर्यंत त्याला तारण लागत नाही. बँकेतल्या सोनेतारण कर्जाचीही नोंद होते, सावकाराकडच्या गहाणाची नाही.

खरी अडचण पावसाळ्यात येते. होड्या किनाऱ्यावर आणि हप्ता दारात, असं झालं तर उशिराचीही नोंद होते. या कार्डाची परतफेड धंद्यातल्या आवकेनुसार ठरवता येते, म्हणून सही करण्यापूर्वीच बंदीचा काळ बँकेला सांगून तारखा ठरवून घ्याव्यात.