वाटाण्याची डाळ आणि एक मिलिमीटर

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पहिला नमुना ५ मार्च १९३६ रोजी उडाला. त्यानंतर कारखान्यापुढे एक कटकटीचा प्रश्न आला. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची डोकी पत्र्यात बुडवून सपाट करायची, की घुमटीसारखी वर राहू द्यायची? सपाट रिव्हेट वाऱ्याला अडथळा करत नाही, पण बसवायला वेळ आणि पैसा जास्त लागतो. अभियंत्यांनी यावर थेट वाण्याच्या दुकानातला उपाय शोधला. नमुना विमानाच्या सपाट रिव्हेटांवर त्यांनी वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवले, विमान उडवून वेग मोजला, मग एकेका भागावरची डाळ खरवडून पुन्हा मोजला. सगळीकडे घुमटी रिव्हेट वापरले तर वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने घटतो, असे दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही घट सगळ्या भागांमुळे सारखी होत नव्हती. त्यामुळे पंखांवर सपाट रिव्हेट आले आणि धडाच्या मागच्या भागावर सुरुवातीच्या विमानांत घुमटी रिव्हेटच राहिले.

याच विमानाचे प्लास्टिकचे नवे किट बाजारात आले की त्याची परीक्षा करणाऱ्यांनी डाळीचा हा प्रयोग आठवावा. प्रत्यक्षात बहुतेक परीक्षणांची तऱ्हा वेगळी असते. खोके उघडायचे, सुट्या भागांच्या चौकटी नकाशावर ठेवायच्या, मोजपट्टी लावायची आणि चुकांची यादी करायची. यादी लांब झाली की किट वाईट, आखूड राहिली की चांगले. या पद्धतीत कष्ट आहेत, पण प्रत्येक चूक तिच्यात एकाच वजनाची धरली जाते, आणि तिथेच ती फसते. किट म्हणजे लहान केलेले विमान नव्हे. ते विमानाबद्दलचे एक सोयीस्कर असत्य असते. काही असत्ये साच्याच्या मर्यादेमुळे सांगावीच लागतात, काही आळसातून येतात. त्यांतली कोणती नजरेला खुपतात आणि कोणती खपून जातात, हे सांगणे परीक्षकाचे काम आहे.

आकडे पाहू. स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्तीच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. १:४८ या प्रमाणात तो साधारण २३.४ सेंटिमीटर होतो. अशा किटवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ४.८ सेंटिमीटर, आणि हे ऐकायला भयंकर वाटते. पण पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत एक मिलिमीटर चुकला तर फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी पडतो. पॉलिस्टायरीन साच्यात थंड होताना जवळपास तेवढेच आक्रसते, म्हणून साचा मुळातच थोडा मोठा कापावा लागतो. हाच मिलिमीटर वैमानिकापुढच्या काचेच्या उंचीत चुकला तर मात्र फरक दहा टक्क्यांच्या आसपास जातो आणि विमानाचा चेहरामोहराच बदलतो. शेजारच्या माणसाची उंची बोटभर कमी-जास्त झाली तर कुणाला कळणार नाही. नाक बोटभर वाढले तर साऱ्या गल्लीला कळेल.

आकार आधी आणि तपशील नंतर, हा क्रम युद्धानेच घालून दिला होता. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी विद्यार्थ्यांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. त्या १:७२ प्रमाणाच्या आणि काळ्या रंगाच्या होत्या. त्यांवर रेषा, रिव्हेट, चिन्हे काहीच नव्हते. पस्तीस फुटांवरून अशी प्रतिकृती पाहिली की ती सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते, आणि शत्रू कोण, मित्र कोण, हे सैनिकाने त्या बाह्यरेषेवरूनच ओळखायचे असे. स्पिटफायरच्या बाबतीत ही बाह्यरेषा फार नाजूक आहे. लंबवर्तुळाकार पंख सर्वांना ठाऊक असतो, पण त्या पंखाला पीळही आहे. धडाजवळ तो वाऱ्याला सुमारे दोन अंश वर तोंड करतो, तर टोकाशी अर्धा अंश खाली. यामुळे हवेची पकड सुटू लागली की ती आधी मुळाशी सुटते, विमान थरथरून वैमानिकाला इशारा देते आणि टोकाकडचे नियंत्रण तोवर हातात राहते. किटमध्ये हा पीळ नसेल तर एकही माप न चुकता पंख निर्जीव दिसतो. मोजपट्टी सपाट नकाशावर ठेवलेली असते. पीळ तिला दिसत नाही.

आता रिव्हेटांकडे वळू, कारण सर्वांत जास्त शाई त्यांच्यावरच सांडते. १:४८ चे विमान हातभर अंतरावरून, म्हणजे तीस सेंटिमीटरवरून पाहणे हे खरे विमान चौदा-पंधरा मीटरवरून पाहण्यासारखे आहे. तेवढ्या अंतरावर निरोगी डोळ्याला चार मिलिमीटरच्या आसपासचा तपशील जेमतेम वेगळा ओळखता येतो. पत्र्यांच्या सांध्याची रेषा किटवर ०.२ मिलिमीटर रुंद कोरली तर तिचा अर्थ खऱ्या विमानावर जवळजवळ एक सेंटिमीटरची फट. अशी फट असलेल्या विमानात बसायला कोणी धजावला नसता. तरीही या रेषा कोरल्या जातात, कारण रंगकाम करणाऱ्याला त्या हव्या असतात. रंगाचा पातळ थर त्यांत मुरतो आणि कोऱ्या पृष्ठभागाला जिवंतपणा येतो. हे असत्य मी मान्य करतो. पण धडाच्या मागच्या भागावर, जिथे खरे रिव्हेट वर आलेले होते, तिथे खड्डे कोरणे म्हणजे उंचवट्याच्या जागी खळगा दाखवणे. हे असत्य टाळता येण्याजोगे आहे, आणि अलीकडची काही किटे ते टाळतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: मोजमाप सोडून नजरेवर विसंबलात तर परीक्षण म्हणजे आवडीनिवडीचा मामला होईल. आक्षेप बिनबुडाचा नाही. एडुआर्ड या चेक कंपनीने २०१४ मध्ये जर्मन मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ चे १:४८ किट काढले. कोरीव काम सुरेख, कॉकपिट देखणे. पण ते सांगितलेल्या प्रमाणापेक्षा मोठे निघाले. सगळेच भाग एकमेकांच्या तोलात वाढलेले असल्याने नुसत्या नजरेला ते सहज कळण्यासारखे नव्हते. चूक पकडली ती मोजपट्टीने. कंपनीनेही वाद घालत न बसता नवे साचे केले आणि २०१६ मध्ये सुधारलेले किट आणले. खोक्यावर छापलेले प्रमाण हे गिऱ्हाइकाला दिलेले वचन असते, आणि ते पाळले की नाही हे मोजूनच ठरते. म्हणून मोजावे जरूर. मात्र मोजलेला फरक कुठे दिसतो, किती दिसतो आणि दुरुस्त होतो का, ही पुढची तीन वाक्येही परीक्षकाने लिहावीत. चूक पंखाच्या टोकाशी असेल तर कानशीने भागते. धडाच्या जाडीत असेल तर काही उपाय नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: खेळण्याची एवढी चिरफाड कशाला? स्पिटफायरसारखे दिसले की झाले. एअरफिक्सने १९५३ मध्ये पहिले छोटे स्पिटफायर काढले तेव्हा पोरांनी ते याच भावनेने घेतले, आणि अचूकतेच्या नावाने त्यात बोंबच होती. पण आक्षेप घेणाऱ्याला जो आनंद अभिप्रेत आहे तो बहुतेक वेळा जोडणीत असतो, म्हणून त्याच्यासाठीच परीक्षकाने किट प्रत्यक्ष जोडून पाहायला हवे. पंख आणि धड यांचा सांधा पुट्टीशिवाय मिटतो का, साच्याच्या खिळ्यांचे गोल वण दिसणाऱ्या जागी आले आहेत का, काच नीट बसते का, हे नुसते खोके उघडून कळत नाही. जपानच्या टामियाने २०१८ च्या अखेरीस १:४८ चे स्पिटफायर नव्याने काढले. त्याचे नाव झाले ते मुख्यतः भाग एकमेकांत चपखल बसतात म्हणून. नवख्या हाताला अशी जोडणी अचूकतेहून मोलाची. परदेशी किट घरपोच मागवणाऱ्या पुण्या-नाशिकच्या माणसाला खोके आधी उघडून पाहता येत नाही. तो परीक्षणावर पैसे लावतो.

रंगांच्या पत्रकाकडे परीक्षक सहसा धावती नजर टाकतात, आणि तिथेच किटचा अभ्यास खरा किती हे उघडे पडते. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश लढाऊ विमानांचे पोट अर्धे काळे, अर्धे पांढरे असे. जून १९४० पासून ‘स्काय’ नावाची फिकट हिरवट छटा आली, पण रंगाचा पुरवठा कमी पडल्याने जागोजागी जमेल तसे मिश्रण झाले. पत्रकात प्रत्येक विमानाला एकच छटा ठामपणे दिलेली दिसली की संशय घ्यावा.

मराठी वाचकाला या सगळ्याचा कस लावायचा असेल तर एक नेमके विमान आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘सिटी ऑफ बॉम्बे’ हे नाव होते. जुलै १९४१ मध्ये स्कॉटलंडमधल्या पीटरहेडला ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे पहिल्या आवृत्तीची स्पिटफायरच होती. बहुतेक किटांच्या खोक्यावर १९४० च्या उन्हाळ्यातले विमान असते. वर्षभराने त्याच आवृत्तीच्या शेपटीजवळ फिकट पट्टा आलेला होता, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये पाठीवरच्या मातकट रंगाची जागा करड्याने घेतली. मुंबईच्या नावाचे विमान करायचे तर फुगीर काच आणि नंतरच्या धाटणीचा तीन पात्यांचा पंखा लागेल. ते भाग चौकटीवर जादा म्हणून दिले आहेत की नाहीत, हे खोक्यावरच्या चित्रावरून समजत नाही.