पावनखिंडीची वाट : सहकुटुंब प्रवासाची पूर्वतयारी

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्याजवळ, कासारी नदीच्या उगमाकडील एका अरुंद घळीत इ.स. १६६० च्या जुलै महिन्यात एक लढाई झाली. घोडखिंड या नावाने ओळखली जाणारी ती घळ पुढे पावनखिंड झाली. ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. ते स्थळ मात्र पुष्कळांना ठाऊक नसते, आणि जे तेथे जातात त्यांपैकीही अनेकजण वाहनातून उतरतात, पायऱ्यांवरून खाली डोकावतात, छायाचित्रे घेतात आणि अर्ध्या तासात परततात. खिंड पाहिली, परंतु तेथे काय घडले आणि ते तेथेच का घडले याचा उलगडा झाला नाही, अशीच त्यांची स्थिती असते. मुलाबाळांना घेऊन इतक्या दूर जावयाचे तर हा उलगडा होईल अशा बेताने प्रवासाची आखणी झाली पाहिजे.

त्यासाठी प्रथम प्रसंग नीट ध्यानात घ्यावा लागतो. अफझलखानाच्या वधानंतर पन्हाळा मराठ्यांच्या हाती आला होता. १६६० च्या मार्चपासून विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने या किल्ल्याला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनीही तोफा आणून त्याला साहाय्य केले. बाहेरून वेढा फोडण्याचा नेताजी पालकरांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. तिकडे शाइस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. पावसाळा लागला तरी जौहर हलला नाही. अखेर १२ जुलैच्या रात्री, आषाढातील पावसात, शिवाजी महाराज निवडक लोकांसह गडाखाली उतरले आणि विशाळगडाच्या दिशेने निघाले. त्यांच्यासारखा वेष करून दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद शत्रूच्या हाती सापडला व मारला गेला. फसगत लक्षात येताच सिद्दी मसूद पाठलागावर निघाला.

महाराजांबरोबर हिरडस मावळातील बांदलांची माणसे होती, आणि बांदलांचे देशपांडे बाजी प्रभू त्यांच्यासमवेत होते. घोडखिंडीत बाजींनी निवडक लोकांनिशी मसूदाची वाट रोखून धरली. तीनशे हा परंपरेने चालत आलेला आकडा आहे. बखरींतील आकड्यांत फरक आढळतो व शिक्षकांनी तसे सांगावयास हरकत नाही. खिंडीत किती लोक उभे होते यापेक्षा त्यांना किती वेळ उभे राहावयाचे होते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विशाळगड तेथून अजून दहा-बारा किलोमीटर होता, आणि गडाच्या पायथ्याशी शृंगारपूरचे सुर्वे व पालवणचे दळवी वेढा घालून बसले होते. ते अंतर चालून, तो वेढा फोडून महाराज वर पोहोचेपर्यंत खिंड टिकावयास हवी होती.

म्हणजेच ही लढाई अंतराची आणि वेळेची होती. पन्हाळा न पाहता केवळ खिंड पाहणाऱ्याला ती कळत नाही, याचे कारण हेच. प्रवासाची सुरुवात पन्हाळ्यापासून व्हावी आणि शेवट विशाळगडाच्या बाजूला व्हावा. खिंड मध्ये यावी.

ऋतूचा प्रश्न

दरवर्षी जुलै महिन्यात शेकडो तरुण पन्हाळ्याहून खिंडीपर्यंत पायी जातात. सुमारे ५० किलोमीटरांची ही वाट दोन दिवसांत चालली जाते. ज्या ऋतूत घटना घडली त्याच ऋतूत तो चिखल तुडवावा, ही भावना आदरणीयच आहे. परंतु लहान मुले आणि वयोवृद्ध आईवडील बरोबर असलेल्या कुटुंबाने तिचे अनुकरण करू नये. आषाढात या भागात पाऊस अखंड कोसळतो, धुके इतके दाट असते की दहा पावलांपुढचे माणूस दिसत नाही, पायवाटांवर जळवा असतात आणि खिंडीतील ओढा काही तासांत रूप पालटतो. खिंडीत उतरण्याच्या पायऱ्या व लोखंडी शिड्या शेवाळलेल्या असतात. ओढ्याला पाणी असताना तळाशी उतरणे हे साहस नव्हे, अविचार आहे.

कुटुंबासाठी योग्य काळ दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंतचा. तेव्हा रान अजून हिरवट असते, हवा थंड असते, ओढ्याचे पाणी ओसरलेले असते आणि घळीच्या तळाशी उभे राहून दोन्ही बाजूंचे कातळ पाहता येतात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा ताप होतो, आणि वाडीवस्तीच्या पाण्यावर पाहुण्यांचा भार पडतो. ही दुसरी गोष्ट शहरातून येणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

तीन दिवसांचा बेत

कोल्हापूर रेल्वेने आणि एस.टी.ने जोडलेले आहे. तेथून पन्हाळा अवघा २० किलोमीटर आहे. पहिला संपूर्ण दिवस पन्हाळ्यास द्यावा. मुक्कामाची व भोजनाची सोय गडावरच होते. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी ही स्थळे तर पाहावीतच. धान्याची भव्य कोठारे असलेला अंबरखाना मात्र मुलांना सावकाश दाखवावा, म्हणजे इतके महिने वेढा कसा सोसला गेला या प्रश्नाचे उत्तर त्यांना तेथेच मिळेल. ज्या वाटेने महाराज बाहेर पडले असे मानले जाते ती राजदिंडी पाहून, पायथ्याच्या नेबापूर येथील शिवा काशीदाचे स्मृतिस्थळ चुकवू नये. २०२५ साली 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, त्यांत पन्हाळ्याचा समावेश आहे. विशाळगड त्या यादीत नाही, परंतु या प्रसंगापुरते दोन्ही गड एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मसाई पठार गाठावे. पठाराच्या जवळपर्यंत वाहनाने जाता येते. वर पोहोचल्यावर मात्र वाहन सोडून सर्वांनी निदान तासभर पश्चिमेकडे चालावे. विस्तीर्ण, जवळजवळ सपाट असे हे पठार आहे. मागे वळून पाहिले की पन्हाळ्याची कड दिसते, आणि पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी अशा वाड्यांतून जाणारी वाट डोंगरांच्या रांगांत नाहीशी होते. तासभर चालूनही आपण किती थोडे अंतर कापले हे आठ-दहा वर्षांच्या मुलालाही येथे समजते. रात्रीच्या अंधारात, पावसात, खांद्यावर पालखी घेऊन ही माणसे कशी धावली असतील हा प्रश्न मग ते आपण होऊन विचारते. घरातील वृद्ध मंडळींनी मसाई देवीच्या मंदिराजवळ थांबावे; सर्वांनी सारखेच चालले पाहिजे असे नाही.

तेथून खाली येऊन मलकापूरमार्गे पुढे जावे. मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातील गाव असून औषधे, इंधन, बॅटरी, सुका खाऊ यांची खरेदी तेथेच उरकावी. पुढच्या वाड्यांतून मोठी दुकाने नाहीत आणि दूरध्वनीचा संपर्कही वारंवार तुटतो. मुक्काम मलकापुरात किंवा आंबा गावात करता येतो. रत्नागिरीकडून येणाऱ्यांना साखरप्यावरून आंबा घाट चढून येणे सोयीचे आहे. या रानात गव्यांचा वावर असल्याने अंधार पडल्यावर प्रवास टाळावा. एस.टी.ने जाणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ आगारात आधीच विचारून घ्यावी. शेवटची गाडी चुकली की वाडीवरील कोणाच्या तरी ओसरीचाच आधार उरतो. तो आधार मिळतोही, परंतु त्यावर बेत आखू नये.

तिसरा दिवस खिंडीचा. पांढरपाणीच्या पुढे रस्त्यालगत स्मारक असून तेथून पायऱ्या खाली जातात. शक्यतो सकाळी आठ-नऊच्या सुमारास पोहोचावे. सहलींच्या मोटारी दुपारपर्यंत येऊ लागतात आणि मग घळीत शांतता राहत नाही. ओढा कोरडा किंवा अगदी उथळ असेल तरच, मुलांचा हात धरून, एकेकाने शिडी उतरावी. तळाशी पोहोचल्यावर कोणीही व्याख्यान देण्याची घाई करू नये. मुलांना ती रुंदी पावलांनी मोजू द्यावी. एका वेळी किती माणसे खांद्याला खांदा लावून येथे पुढे सरकू शकतील, असे त्यांनाच विचारावे. पाठलागावर आलेल्या सैन्याची संख्या कितीही मोठी असो, या जागी त्यातील मोजकेच लोक एकदम लढू शकत होते. निसरड्या दगडांतून घोडा दौडत नाही. मागची गर्दी पुढच्याला मदत करीत नाही, उलट त्याची माघार अडविते. थोड्यांनी पुष्कळांना रोखले यामागे शौर्याइतकीच जागेची निवड होती. हे कळल्याने बाजी प्रभूंची थोरवी कमी होत नाही. ज्याने ही जागा हेरली त्याला आपण येथून परत जाणार नाही हेही समजले असले पाहिजे.

खिंडीतून वर आल्यावर गजापूरच्या रस्त्याने विशाळगडाकडे जावे. खेळणा हे या गडाचे जुने नाव. गडावरून तोफांचे आवाज झाले तेव्हा महाराज सुखरूप पोहोचल्याची खूण खिंडीत पटली, अशी परंपरा आहे. बाजी प्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या गडावर आहेत. २०२४ पासून गडावरील प्रवेशाबाबत प्रशासनाने वेळोवेळी निर्बंध घातले आहेत; म्हणून निघण्यापूर्वी तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करावी. प्रवेश नसेल तर गडासमोरच्या कड्यावरून, मधल्या खोल दरीपलीकडे दिसणारा गड पाहून परतावे. वाद घालू नये.

वाड्यांचा विचार

या वाटेवरील वाड्या लहान आहेत. जुलैच्या मोहिमांत एका रात्री तेथे जितकी माणसे उतरतात तितकी त्या वाडीची लोकसंख्याही नसते. कुटुंबाने येताना जेवणाची सूचना एक दिवस आधी दिली, तर भाकरी, पिठले, आमटी असे साधे जेवण घरी करून मिळू शकते आणि चार पैसे वाडीतच राहतात. शहरातून शिजवलेले अन्न प्लॅस्टिकच्या ताटांसह आणून ती ताटे ओढ्यात टाकून जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे. खिंडीतील पाणी कासारीला मिळते, आणि खालची गावे तेच पाणी पितात.

ग्रामपंचायतींनाही येथे करण्यासारखे काम आहे, व त्यास फार मोठा निधी लागत नाही. स्त्रियांसाठी स्वच्छ शौचकूप, वाहने उभी करण्याची ठरलेली जागा, शिडीपाशी पाण्याच्या पातळीविषयी रोज खडूने लिहिता येईल असा फलक आणि वाट दाखविण्यास गावातीलच दोन-तीन जाणते तरुण एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ अपघात टळतील. फलकावरील मजकूर स्थानिक शिक्षकांकडून तपासून घ्यावा. चुकीची सनावळी एकदा रंगविली की ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तीन दिवसांचा बेत शक्य नसल्यास निदान मसाई पठार आणि खिंड एका दिवसात साधावीत, दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस ठेवावे, आणि दुपारी तीनच्या सुमारास परतीस लागावे, म्हणजे उजेड असेतो मलकापूर गाठता येते.