स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातले आर्सेनिक

आर्सेनिकयुक्त पाणी नितळ दिसते. त्याला वास नसतो, चवही नसते. रोज प्यायले तरी पहिली काही वर्षे काहीच जाणवत नाही. सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, मोठी मात्रा पोटात गेली तर उलट्या, पोटात कळा आणि पटकीसारखे जुलाब होऊन काही तासांत जीव धोक्यात येतो. पाण्यातून रोज थोडे थोडे जाणारे तेच विष मात्र दहा, वीस, तीस वर्षांनी हिशेब मागते.

समस्या कशी उघडी पडली?

1983 साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या त्वचेवरील डागांचे कारण पिण्याच्या पाण्यात सापडले. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावचे पाणी तपासून समस्येचा आवाका दाखवला. 1993 मध्ये बांगलादेशात आणि 2002 मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात असेच पाणी आढळले.

यातला दैवदुर्विलास असा, की हे पाणी देणारे हातपंप लोकांचे प्राण वाचवण्यासाठी बसवले होते. तळ्यांचे दूषित पाणी पिऊन पटकी आणि अतिसाराने मुले दगावत, म्हणून 1970च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफच्या मदतीने हातपंप बसवण्यात आले. पाणी जंतूंपासून सुरक्षित झाले, पण आर्सेनिकची तपासणी तेव्हा कोणी करत नव्हते. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका लेखात याला इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले गेले. बांगलादेशातील साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज त्यात होता.

पाण्यात आर्सेनिक येते कुठून?

बंगालमध्ये हे विष कारखान्याने सोडलेले नाही. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली प्राणवायू संपला, की गाळातील कुजक्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू हे लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. गाळाचे थर जागोजाग बदलत असल्यामुळे एका घरचा हातपंप सुरक्षित आणि शेजारचा विषारी, असे सर्रास आढळते.

किती प्रमाण धोक्याचे?

जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय मानक या दोहोंनुसार लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत फक्त 10 मिलिग्रॅम. बांगलादेशाचे मानक 50 मायक्रोग्रॅमचे आहे, आणि तिथल्या कित्येक हातपंपांच्या पाण्यात त्याहूनही कितीतरी अधिक आर्सेनिक सापडले आहे.

शरीरात काय होते?

असेंद्रिय आर्सेनिक आतड्यातून सहज रक्तात जाते. यकृत त्याचे रूपांतर करते आणि बराचसा भाग काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. पण रोज नवी भर पडत राहते. आर्सेनिकचे एक रूप पेशींतील प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांना चिकटून विकरांचे काम बंद पाडते. दुसरे रूप फॉस्फेटची जागा घेऊन ऊर्जानिर्मितीत बिघाड करते.

त्वचेवरच्या खुणा

बाहेरून दिसणाऱ्या खुणा बहुधा पाच ते दहा वर्षांनी उमटतात. छाती-पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके येतात. तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत होऊन त्यांवर गाठी येतात. पुढे काहींना त्वचेचा कर्करोग होतो. हा आजार संसर्गजन्य नाही. तरीही महारोग समजून लोकांनी रुग्णांना दूर ठेवले, मुलींची लग्ने अडली.

आतले नुकसान

त्वचेवर काही दिसत नाही म्हणून आत सगळे ठीक आहे, असे नसते. आर्सेनिकमुळे फुप्फुस, मूत्राशय आणि त्वचेचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. हृदयविकार, हातापायांना मुंग्या, दीर्घ खोकला आणि मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध आढळतो. गरोदरपणात असे पाणी प्यायल्यास अर्भकमृत्यूचा धोका वाढतो, तर मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो.

चिलीतील अँटोफगास्ता शहराला 1958 ते 1970 या काळात लिटरमागे 800 मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक असलेले पाणी मिळत होते. 1970 मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाले, तरी फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तिथे पुढे कित्येक दशके चढेच राहिले.

निदान आणि उपचार

लघवीच्या तपासणीतून अलीकडच्या दिवसांत शरीरात गेलेले आर्सेनिक कळते, तर केस आणि नखांतून मागच्या काही महिन्यांचे. तपासणीआधी मासे किंवा कोळंबी खाल्ली असेल तर डॉक्टरांना सांगावे. त्यांतील सेंद्रिय आर्सेनिक फारसे घातक नसते, पण आकडा फुगवते. जुनाट विषबाधा उलटवणारे खात्रीचे औषध नाही. ते पाणी थांबवणे हाच मुख्य उपचार, त्याला सकस आहाराची जोड हवी. सुरुवातीची लक्षणे त्याने कमी होऊ शकतात.

पाणी आणि भात

पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. उलट वाफ उडाल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढते. तुरटी, क्लोरीन किंवा साधी गाळणीही भरवशाची नाही. आर्सेनिकसाठी बनवलेले गाळणसंच, बंगालमध्ये साधारण 150 मीटरहून खोल कूपनलिका किंवा नदीचे शुद्ध केलेले पाणी हे पर्याय आहेत. आंघोळीने किंवा कपडे धुण्याने फारसा धोका नसतो.

पाणी साचलेल्या खाचरात भाताचे पीक इतर धान्यांपेक्षा अधिक आर्सेनिक शोषते. सुरक्षित पाणी भरपूर घालून भात शिजवला आणि पेज ओतून टाकली, तर त्यातले बरेच आर्सेनिक निघून जाते.

आपल्याकडे

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात, कौडीकसा परिसरात, खडकातून पाण्यात उतरलेले आर्सेनिक आढळले आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडसारख्या जिल्ह्यांत फ्लोराइडची अडचण जुनी आहे. दोन्ही विषे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून नवी बोअर घेतली किंवा गावात हापसा बसला, की पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. जंतूंबरोबर आर्सेनिक आणि फ्लोराइडचीही तपासणी आवर्जून मागावी, आणि अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिऊ नये.