हॉल्ट स्टेशन : सोय माणसाची, मालाची नव्हे

पुण्याच्या मार्केट यार्डात किराणा आणि मसाला भरायला येणारे कोकणातील दुकानदार बंधू परतताना आमच्याकडून कापडही घेतात. महाड, माणगाव, खेड, संगमेश्वर या भागांतील ही मंडळी अनेकदा म्हणतात, "आमच्या गावाला स्टेशन आहे, माल रेल्वेनेच पाठवा." स्टेशन आहे हे खरे; परंतु ते कोणत्या प्रकारचे आहे हे पाहिल्याशिवाय मालाचा व्यवहार ठरवू नये.

रेल्वेत ज्याला 'हॉल्ट' म्हणतात ते सर्वांत लहान स्टेशन. तेथे स्टेशन मास्तर नसतो, सिग्नल नसतो, गाड्यांना एकमेकींना वाट देण्यासाठी दुसरा रूळही नसतो. एक फलाट, एक पाटी, फार तर एक शेड. पुष्कळ हॉल्टवर तिकिटे विकणारा माणूस रेल्वेचा नोकर नसून कमिशनवर नेमलेला स्थानिक एजंट असतो. तो तिकिटे आगाऊ पैसे भरून मोठ्या स्टेशनातून आणतो आणि विक्रीवर कमिशन मिळवतो. गाडी मिनिटभर थांबते आणि गार्डच्या इशाऱ्यावर सुटते.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग टप्प्याटप्प्याने बांधला गेला आणि जानेवारी १९९८ मध्ये तो संपूर्ण खुला झाला. मार्ग एकेरी, डोंगर आणि बोगद्यांचा. त्यामुळे प्रत्येक गावाला पूर्ण स्टेशन देणे परवडणारे नव्हते. महाडसारख्या व्यापारी शहरालाही स्वतःचे स्टेशन मिळाले नाही, त्याला वीर गाठावे लागते. वीरच्या पुढचे सापे-वामने प्रथम केवळ हॉल्ट होते. पुढे गाड्यांच्या क्रॉसिंगची गरज वाढली तेव्हा तेथे जादा रूळ आले. रोहा ते वीर या ४६ किलोमीटरचे दुपदरीकरण २०२१ साली पूर्ण झाले. म्हणजे हॉल्ट कायम हॉल्टच राहतो असे नाही.

आता मालाविषयी. पार्सल घ्यायचे तर वजनकाटा हवा, पावती करणारा कारकून हवा, माल ठेवायला जागा आणि हमाल हवेत. हॉल्टवर यांपैकी काही नसते. म्हणून पार्सल जवळच्या मोठ्या स्टेशनच्या नावे करावे आणि तेथे पार्सल घेतात की नाही याची आधी चौकशी करावी. काही बंधू गठ्ठे डब्यात सोबत नेतात. सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलोपर्यंत घरगुती सामान मोफत नेता येते. विक्रीचा माल हे घरगुती सामान नव्हे, तो पार्सल म्हणूनच बुक करावा लागतो. वाटेत तपासणी झाली तर होणारा दंड नफा खाऊन टाकतो.

पुण्याहून कोकणात सरळ रेल्वे नाही. पनवेलमार्गे वळसा पडतो. ताम्हिणी घाटाने माणगावला ट्रक त्याआधी पोहोचतो. तेव्हा माल ट्रान्सपोर्टने बिल्टी करून पाठवावा हेच आमच्या हिशेबाने बरे. याच रेल्वेवर १९९९ पासून भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेण्याची सोय आहे, पण ती कोलाडसारख्या ठरावीक स्टेशनांवरून.

मग हॉल्टचा उपयोग कोणाला? शिंप्याला, फेरीवाल्याला, वसुलीला निघालेल्या दुकानदाराला, शहरात कामाला जाणाऱ्या कारागिराला. दिवा-सावंतवाडीसारखी पॅसेंजर गाडी ही त्यांची गाडी. २०२० च्या टाळेबंदीनंतर देशभर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागू झाले, किमान १० रुपयांचे तिकीट ३० रुपयांवर गेले आणि अनेक लहान थांबे बंद पडले. जुने भाडे २०२४ च्या फेब्रुवारीत परत आले. बंद पडलेला थांबा परत आणणे मात्र भाड्याइतके सोपे नसते.

येथेच आपली जबाबदारी येते. २०१७ पासून रेल्वे स्टेशनांची प्रतवारी उत्पन्न आणि प्रवासी संख्येवर करते. हॉल्टच्याही तीन प्रती आहेत. ही संख्या फलाटावरची माणसे मोजून येत नाही, विकलेल्या तिकिटांवरून येते. हॉल्टवर तपासनीस नाही म्हणून जो विनातिकीट चढतो, तो सरकारचे दहा रुपये बुडवतोच, शिवाय कागदावर आपल्या गावचा एक प्रवासी कमी करतो. एजंटचे कमिशन घटते, तो खिडकी सोडून देतो, आणि मग लोक म्हणतात की रेल्वे आमच्याकडे लक्ष देत नाही.

आपण व्यापारी माणसे. ज्या दुकानात गल्ला जमत नाही ते दुकान मालक किती दिवस चालवतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हॉल्ट हे असेच एक छोटे दुकान आहे. माल ट्रान्सपोर्टने पाठवा, स्वतः गाडीने जा, आणि तिकीट शक्यतो आपल्याच हॉल्टवरून काढा. थांब्यासाठी अर्ज करायची वेळ आली तर ही तिकिटेच गावाची साक्ष देतील.